मी सांगायचो ती नळी

लोणावळ्याच्या दवाखान्यात तू काम काय करतोस, असं गावाकडं कोणी विचारलं की मी म्हणायचो, "डोकं धरतो." विचारणारा हसायचा. मग मी पुढचं सांगायला लागलो की त्याचं हसू विरायचं, हात आपोआप स्वतःच्या घशाकडं जायचा. मला ते फार आवडायचं. आपल्या बोलण्यासरशी समोरच्याचा चेहरा बदलतो, याची नशा दारूपेक्षा वाईट. दारू निदान उतरते तरी.

आमचं गाव वराळे. सातवी झालो, शेतीत मन रमेना, म्हणून साठ सालच्या आगेमागे लोणावळ्यात बाजारामागच्या एका लहान खाजगी दवाखान्यात मदतनीस म्हणून चिकटलो. तिथं दर शनिवारी मुंबईचे एक मोठे डॉक्टर येत. लोणावळ्यात त्यांचा बंगला होता. आले होते विश्रांतीला, पण विश्रांती त्यांना मानवत नसे. पोटाच्या दुखण्यांत त्यांचा हात धरणारा कोणी नाही, असं लोक म्हणत. त्यांनी परदेशातून एक नळी आणली होती. ती तोंडातून थेट जठरात घालायची आणि बाहेरच्या टोकाला डोळा लावून आत काय चाललंय ते बघायचं. तोवर पोटातलं दुखणं कळायचं ते वरून दाबून, एक्स-रे काढून, नाहीतर पोट फाडून.

ती नळी जर्मन बनावटीची होती. वरचा भाग ताठ, धातूचा. खालचा जरासा लवणारा, आणि टोकाशी वाटाण्याएवढा दिवा. आत भिंगांमागे भिंगं बसवलेली. नळी जास्त वाकली तर दिसायचं बंद. आता नळी वाकत नाही म्हटल्यावर माणसालाच सरळ व्हावं लागायचं, आणि तिथं माझं काम सुरू व्हायचं. पेशंटला रात्रीपासून उपाशी ठेवायचं. घशात बधिर करायचं औषध मारायचं. त्याला डाव्या कुशीवर निजवायचं, खिडक्यांना काळे पडदे ओढायचे. मी डोक्याशी स्टुलावर बसायचो, एक हात मानेखाली आणि एक कपाळावर. डोकं असं मागं न्यायचं, की तोंड, घसा आणि अन्ननलिका एका ओळीत आली पाहिजे. तसूभर हललं तरी आत इजा होण्याची भीती. डॉक्टर म्हणायचे, "नळी मी घालतो, पण रस्ता हा सरळ ठेवतो." हे वाक्य त्यांनी एकदा पुण्याच्या दोन डॉक्टरांसमोर म्हटलं होतं. त्या दिवशी मी जेवलो नाही, इतकं पोट भरलं होतं.

खरं तेवढं सांगतो. त्रास व्हायचा. माणसं ओकाऱ्या काढायची, डोळ्यांतून पाणी यायचं, कोणी माझं मनगट इतकं आवळायचं की वळ उठायचे. पण सगळं पाच-सात मिनिटांत आटपायचं, आणि डॉक्टरांचा हात फार हलका होता. माझ्यासमोर त्या नळीनं कोणाचा जीव गेला नाही. ही शेवटची गोष्ट मी गावात कधीच सांगितली नाही. तिच्यात सांगण्यासारखं काय होतं?

माझी थोरली बहीण, आमची आक्का, आंदर मावळात दिलेली. माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. कान्ह्याला गाडीतून उतरायचं, एस.टी. मिळाली तर टाकव्यापर्यंत जायचं, आणि पुढं दोन तास पायी. आवणीला मी दरवर्षी रजा काढून तिच्याकडं जायचो. तिथं भाताची लावणी सावडीनं चालायची. आज ह्याच्या खाचरात सगळे, उद्या त्याच्या. ज्याचं खाचर, त्याच्या घरी संध्याकाळचं जेवण. आक्काच्या घरची पाळी आली की पडवीत तीस-पस्तीस माणसं बसायची, आणि दिवेलागण झाली की कोणीतरी म्हणायचंच, "पाव्हणं, ते नळीचं सांगा की."

आक्का स्वतः आतून फुकणी आणून माझ्या हातात द्यायची. चुलीची लोखंडी फुकणी, काजळीनं काळी झालेली. "ही अशी," मी म्हणायचो, "पण हिच्या दुप्पट लांब." मग एखाद्या पोराला धरून आडवं करायचं, त्याचं डोकं मांडीवर घेऊन मागं वाकवायचं आणि फुकणी त्याच्या तोंडावर तोलून धरायची. पोर हातपाय झाडायचं, पडवी हसून लोटपोट. दरसाल मी थोडं तिखटमीठ लावायचो. नळी पहिल्या वर्षी हातभर होती, ती चौथ्या वर्षी पुरुषभर झाली. बाजारातला एक किराणा व्यापारी खरं म्हणजे नळी बघून घाबरला आणि "पुढच्या शनिवारी येतो" म्हणून सटकला, एवढंच घडलं होतं. माझ्या गोष्टीत तो नळी अर्धी आत असताना उठला आणि ती तशीच तोंडात घेऊन स्टेशनपर्यंत पळाला. एका बाईनं माझा अंगठा चावला होता, तो मी जवळपास तोडूनच टाकला. आक्का पदरानं डोळे पुसत म्हणायची, "आरं बास कर, पोट दुखाया लागलं!" आणि लगेच, "त्या येपाऱ्याचं परत सांग."

माझ्या गोष्टीचा बोलबाला इतका झाला की आसपासच्या वाड्यांवर बायका पोरांना गप्प करायला म्हणायच्या, "झोप, न्हाईतर लोणावळ्याचा मामा येऊन नळी घालल." मला हे कळलं तेव्हा मी आठवडाभर फुशारलो होतो.

मग नवी नळी आली. बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी एखाददोन वर्षं. डॉक्टरांनी एका शनिवारी पेटी उघडली आणि आतून बोटाएवढी जाड, काळी, लवचीक दोरी काढली. जपानची. आत काचेचे केस होते म्हणे, हजारो, एकत्र जुडी बांधलेले. एका टोकाला प्रकाश शिरला की तो त्या केसांतून वळणावळणानं जाऊन दुसऱ्या टोकाला निघायचा, आणि आतलं चित्र तसंच वळत बाहेर यायचं. दिवा पोटात न्यायला नको, तो बाहेरच्या पेटीत. वरची चाकी फिरवली की टोक हवं तिकडं वळायचं. आधीच्या नळीला जठराचे जे कोपरे दिसतच नसत, तेही दिसायला लागले. बारीक चिमटा आत सोडून संशय येईल तिथला तांदळाच्या कणीएवढा तुकडा काढता यायचा, म्हणजे तो तपासून दुखणं साधं की वाईट हे सांगता यायचं.

पहिल्या पेशंटला मी सवयीनं स्टुलावर बसून डोकं धरलं. डॉक्टर म्हणाले, "अरे, सोड ते डोकं. आता लागत नाही." सहज म्हणाले. त्यांच्या मनात काही नव्हतं. पण मी स्टूल उचलून भिंतीशी ठेवलं तेव्हा मला आपण दवाखान्यातून निम्मे उणे झालो असं वाटलं. त्यानंतर माझं काम म्हणजे नळी धुणं, पुसणं, टांगून ठेवणं.

पेशंट मात्र सुखी झाले. नळी चावली जाऊ नये म्हणून दाताखाली एक कडं द्यायचं, दोन-तीन उमासे यायचे आणि नळी आत. एक म्हातारे रेल्वे गार्ड तर उठून बसत म्हणाले, "झालं? मी अजून सुरू व्हायची वाट बघत होतो."

आता ही गोष्ट मी आक्काच्या पडवीत सांगायला हवी होती. नाही सांगितली. नवी नळी आल्यावरही दोन पावसाळे मी तिथं गेलो, आणि दोन्ही वेळा फुकणी हातात घेऊन जुन्याच नळीची कथा रंगवली. का, ते मला तेव्हाही ठाऊक होतं. नव्या नळीच्या गोष्टीत मी कुठंच नव्हतो. कोणी ओरडत नाही, कोणी पळत नाही, डोकं धरणारा लागत नाही. ती ऐकायला पस्तीस माणसं कशाला बसतील? मी माझी खुर्ची राखली. आज हे लिहिताना कान तापतात, पण लिहितो.

तिसऱ्या वर्षी आवणीला माझं जाणं झालं नाही, आणि श्रावणात आक्काचा नवरा लोणावळ्याला माझ्या खोलीवर आला. आमचे दाजी कधी घर सोडून कुठं जात नसत, त्यामुळं त्यांना दारात बघूनच काहीतरी बिघडलंय हे मी ओळखलं. म्हणाले, "पाव्हणं, तुमच्या आक्काला जेवान जात न्हाई. दोन घास खाल्लं की ताट सारती. खायचा सोडा खाऊन खाऊन थकली. देवऋष्याचा अंगारा झाला, पोटावर डाग दिला. बांगड्या पार कोपराला जात्यात."

दुसऱ्याच दिवशी मी गेलो. आक्का भाकरी थापत होती. बांगड्यांचं दाजींनी सांगितलं होतं ते खरंच होतं. तिनं बांगड्यांना सुताचा वेढा देऊन त्या घट्ट केल्या होत्या, म्हणजे कोणाला कळू नये. मी म्हटलं, "आक्का, शनिवारी माझ्याबरोबर चल. डॉक्टर आतून बघतील."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "नळी घालून?"

"व्हय, पण आता नवी नळी आलीय. लय सोपी."

"मी न्हाई. मरू दे, पण ते न्हाई." फुकणी चुलीपाशीच पडली होती. तिनं ती पायानं मागं सारली. माझ्याकडं बघितलंही नाही.

मी तासभर बोललो. ती ऐकत होती, पण पडवीतल्या गोष्टी ऐकायची तशी नाही. शेवटी म्हणाली, "तू गेल्या साली काय सांगत व्हतास? आन् त्याच्या आदल्या साली? तितं बाईनं तुजा अंगठा तोडला. मी तुजा अंगठा तोडू व्हय?"

लोणावळ्याला परतलो आणि शनिवारी डॉक्टरांपुढं उभा राहिलो. म्हटलं, ही नळी मला घाला. ते म्हणाले, तुला काय झालंय? मी म्हटलं, काही नाही, पण बहिणीला सांगायचंय. त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं आणि म्हणाले, "झोप." दहा वर्षं दुसऱ्यांची डोकी धरलेला मी, टेबलाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून पडलो होतो. नर्स हसत होती. कडं दाताखाली आलं, नळी घशाला लागली, तीन उमासे आले, डोळ्यांतून पाणी गळलं, आणि मग नुसतं पोटात हवा भरल्यासारखं तट्ट वाटत राहिलं. संपलं तेव्हा मला रडूच आलं. एवढ्याशा गोष्टीसाठी आक्का मरायला तयार झाली होती, आणि तिला ते मी शिकवलं होतं.

गौरीच्या सणाला पुन्हा गेलो. घरात गौरी बसलेल्या, सगळी भावकी जमलेली, पडवी भरलेली. मी सगळ्यांदेखत सांगितलं की मी स्वतः नळी गिळून आलोय, काही होत नाही. कोणीतरी हसलं. एक म्हातारे आबा म्हणाले, "पाव्हणं, बहिणीसाटी बोलाया पायजे, बोला, बोला." आणि मग आक्का आतून दारात आली. ती खंगली होती, पण नजर तीच. म्हणाली, "मला येकच सांग. आदी सांगत व्हतास ते खरं, का आत्ता सांगतूयास ते?"

सगळे माझ्याकडं बघत होते.

त्या वेळी एकच उत्तर द्यायचं होतं. आधीचं खोटं होतं, आक्का. व्यापारी कुठं पळाला नाही, अंगठा कोणी तोडला नाही, नळी फुकणीएवढीच होती, आणि गेली दोन वर्षं तर मला नवी ठाऊक असून मी जुनीचीच भीती घालत होतो. एवढं बोलायला किती वेळ लागतो? पण तिथं तीस-पस्तीस माणसं होती. ह्याच माणसांनी मला दरसाल मानानं मधोमध बसवलं होतं. मी म्हणालो, "तेबी खरं, हेबी खरं. तवाची नळी तशी, आत्ताची अशी."

आक्कानं मान हलवली. "मंग भात निघू दे," म्हणाली. "भात निघाल्यावर बगू."

मला कळलं होतं की ही टाळाटाळ आहे. तिलाही कळलं असेल की माझं उत्तर म्हणजे टाळाटाळच आहे. आम्ही एका आईची लेकरं.

भात निघालं. झोडणी झाली. दिवाळी गेली. मी चार वेळा गेलो, चारही वेळा तिनं उद्यावर ढकललं. संक्रांतीनंतर तिला पाणीसुद्धा ठरेना, तेव्हा दाजींनी आणि दोन पुतण्यांनी तिला डोलीत घालून टाकव्याला आणलं, आणि तिथून कोणाच्या तरी जीपमधून लोणावळ्याला. तिनं यावेळी नको म्हटलं नाही. तेवढंही बळ राहिलं नव्हतं.

टेबलावर ती चिमणीएवढी दिसत होती. माझी बोटं तिच्या डोक्याकडं जायला लागली, आणि मी ती आवरून तिचा हात धरला. डॉक्टरांनी नळी घातली. आक्काला दोन उमासे आले. तिनं माझा हात आवळला नाही, नुसता ठेवला. थोड्या वेळानं डॉक्टरांनी मला खुणेनं बोलावलं. नळीला जोडायचा एक जादा डोळा त्यांनी आणला होता, शिकणाऱ्यांसाठी. त्यातून मी माझ्या बहिणीचं जठर बघितलं. लालसर गुलाबी, ओलं, हलणारं. आणि खालच्या बाजूला एक खड्डा, कडा वर उचललेल्या, तळाशी मळकट पांढरं. मला शिकवायची गरज नव्हती. असे खड्डे दिसले की डॉक्टर गप्प होतात, हे मी दहा वर्षं बघत आलो होतो.

चिमट्यानं तुकडे काढून झाल्यावर ते मला बाहेर घेऊन गेले. "त्रास कधीपासून आहे?"

"श्रावणापासून कळलंय."

"म्हणजे सहा महिने. तू इथं नळी धूत होतास, आणि सहा महिने ती घरी?"

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. तेव्हा आली असती तर वाचली असतीच, असं ते कधी म्हणाले नाहीत. वाचली नसती, असंही म्हणाले नाहीत. पुढं पुण्यात सर्जननं पोट उघडलं आणि काही न करता तसंच शिवलं. अक्षयतृतीयेच्या आधी आक्का गेली.

पण मला छळतो तो दवाखान्यातला त्या दुपारचा पाऊण तास. घशाचा बधिरपणा उतरेपर्यंत तिला पाणी द्यायचं नव्हतं, म्हणून मी तिला बाहेर बाकावर भिंतीला टेकवून बसवलं होतं. शेजारी कामशेतकडच्या एका वाडीतली तरणी बाई होती. नवऱ्यानं तिला कसंबसं आणलं होतं, आणि ती पदराचा बोळा तोंडात धरून नको-नको म्हणत होती. "आमच्या हिकडं समद्यांस्नी ठावं हाय," ती म्हणत होती, "लोखंडाची फुकणी घालत्यात."

माझी गोष्ट घाट चढून-उतरून तिथवर गेली होती. मी खाली बघत राहिलो.

आक्कानं डोळे उघडले. आवाज जड येत होता, जीभ अजून नीट वळत नव्हती. "न्हाई गं पोरी," ती म्हणाली. "दोन उमासं येत्यात. बास."

"खरं, मावशी?"

"आत्ताच आले की आतनं. तुला कशाला खोटं सांगू?"

ती बाई आक्काच्या तोंडाकडं क्षणभर बघत राहिली. मग तिनं पदर सोडला, उठली आणि आत गेली. नवरा तिथंच राहिला, तिच्या चपला हातात धरून.

आक्का माझ्याकडं वळली. तिच्या बोलण्यात राग असता तर मला बरं झालं असतं. ती खरोखरच नवल करत होती.

"एवढंच व्हतं व्हय रं?" ती म्हणाली.

मी म्हटलं, "व्हय आक्का. एवढंच व्हतं."

मग तिनं पाणी मागितलं, आणि मी तिला सांगितलं की अजून अर्धा तास देता येणार नाही.